घाट, पैलू आणि पाणी

साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घ्यायला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर जा नाहीतर मुंबईत दादरला, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘शेप कुठला दाखवू?’ पाठोपाठ राउंड, ओव्हल, प्रिन्सेस, एमराल्ड, कुशन, पेअर, मार्कीज, हार्ट अशी नावं येतात. ती ऐकून हिऱ्याबद्दल फारसं काही कळत नाही, कारण ही सगळी बाह्यरेषेची नावं आहेत. वरून पाहिल्यावर खडा गोल दिसतो की लांबट, एवढंच ती सांगतात. मराठीजवळ हिऱ्याविषयी बोलायला तीन जुने आणि फार नेमके शब्द आहेत: घाट, पैलू आणि पाणी. अंगठी निवडायला बसलेल्या जोडप्याने ते नीट ओळखून घेतले, तर समोरच्या ट्रेमधले खडे त्यांना वेगळे दिसू लागतील अशी माझी खात्री आहे.

सुरुवात ‘डायमंड शेप’ याच शब्दांपासून करतो. इंग्रजीत हे नाव समभुज चौकोनाला आहे, म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन. आपण त्याला शंकरपाळ्याचा आकार म्हणतो. पत्त्यांच्या डावात तीच खूण आपल्याकडे चौकट होते आणि फ्रेंचांकडे कारो, म्हणजे फरशी. त्या खुणेत हिरा दिसला तो इंग्रजांना. दुकानातल्या ट्रेमध्ये मात्र या ‘डायमंड शेप’चा डायमंड सहसा सापडत नाही. तो सापडतो खाणीत. जमिनीतून निघालेला सुघड हिरा म्हणजे दोन चौकोनी पिरॅमिड तळाला तळ लावून जोडलेले असावेत असा स्फटिक. बाजूने पाहिला की शंकरपाळं, वरून पाहिला की चौकोन.

आपल्या जुन्या रत्नपरीक्षकांनी हा स्फटिक अगदी बारकाईने पाहिला होता. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत हिऱ्याची टोकं सहा, बाजू आठ आणि धारा बारा असा हिशेब दिला आहे. शाळेतल्या भूमितीने ताडून पाहा, अष्टफलकाचं माप तंतोतंत हेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर सरकारी कोठारात कुठला हिरा घ्यावा याचीच कसोटी आहे. तो वजनदार हवा, घाव सोसणारा हवा, त्याचे कोपरे सारखे हवेत, भांड्यावर त्याने ओरखडा उठला पाहिजे, आणि चातीसारखा तो फिरला पाहिजे. ज्याचे कोपरे गेले, ज्याला धार नाही, जो एका अंगाला कलला, तो कमअस्सल. ही फिरण्याची कसोटी मला विलक्षण वाटते. खडा सगळ्या बाजूंनी समतोल असेल तरच तो चातीसारखा नीट फिरेल. तराजू किंवा भिंग न लावता घाटाची परीक्षा झाली.

या ग्रंथांत हिऱ्याचं मुख्य नाव वज्र. इंद्राचं शस्त्र आणि हा खडा, दोघांना एकच शब्द. हीर आणि हीरक हेही संस्कृत कोशांत आहेत आणि आपला हिरा त्यांचाच. हिरवा या शब्दाशी त्याचं नातं लावण्याचा मोह होतो, पण हिरवा आला हरित या शब्दावरून. हिरकणी मात्र खरोखर हिऱ्याची कणी. रायगडाच्या कड्यावरून रात्री उतरलेल्या गवळणीच्या कथेने ती घरोघरी पोचवली. तिकडे ग्रीकांनी कठीणपणा पाहून अदामास हे नाव दिलं, म्हणजे जो वश होत नाही तो. त्यातला पहिला अ पुढे लॅटिनमध्ये गळाला आणि दियामान्त, डायमंड झालं. तोच ग्रीक शब्द अरबीत अल्मास झाला आणि अल्मास हे नाव असलेली माणसं आजही आपल्या आसपास आहेत.

वज्र काय आणि अदामास काय, दोन्ही नावांनी एक गैरसमज मात्र पक्का केला. हिरा ओरखडत नाही हे खरं, पण तो तुटतो. स्फटिकाच्या आठ बाजूंना समांतर अशा त्याच्या फुटण्याच्या दिशा असतात. त्या दिशेने नेमका घाव बसला तर तो सरळ दुभंगतो. जुने कारागीर याच गुणाचा उपयोग करून मोठे खडे फोडायचे. अंगठी निवडताना हे ध्यानात ठेवावं. मार्कीज, पेअर, प्रिन्सेस, हार्ट या घाटांना उघडी टोकं असतात आणि अंगठी हाताबरोबर ओट्यावर, नळावर, दारावर आदळत असते. असा खडा आवडला असेल तर त्याच्या टोकांवर सोन्याची पकड आहे ना, एवढं बघूनच घ्यावा.

आता पैलू. या शब्दाजवळ मला थोडं थांबायचं आहे, कारण हिऱ्याच्या सगळ्या शब्दांत याचा प्रवास सर्वांत देखणा आहे.

फारसीत पहलू म्हणजे शरीराची कूस, बरगड्यांची बाजू. मराठीत आल्यावर तो घासून सपाट केलेल्या अंगाला चिकटला. हिऱ्याला पैलू पाडतात, प्रश्नाला पैलू असतात, आणि क्रिकेटच्या धावत्या वर्णनाने अष्टपैलू खेळाडू घरोघर नेला. अष्टपैलू हा अर्धा संस्कृत आणि अर्धा फारसी शब्द खाणीतल्या हिऱ्याला मात्र अक्षरशः लागू पडतो. तो जन्मतःच अष्टपैलू असतो.

पण पहलू फारसी म्हणून त्याला परका समजायचं कारण नाही. इराणी भाषांत बरगडीसाठी जो जुना शब्द होता, त्याचंच संस्कृतातलं भावंड पर्शु, म्हणजे बरगडी. पर्शूपासून पार्श्व झाला, म्हणजे बरगड्यांची बाजू, कूस. आणि गरुडपुराणाने हिऱ्याच्या आठ बाजूंना वापरलेला शब्द कुठला? पार्श्व. कूस हा शरीराचा शब्द संस्कृताने हिऱ्याच्या बाजूला लावला, तसाच फारसीकडून आलेला कुशीचा शब्द मराठीने हिऱ्याच्या बाजूला लावला. एकाच घराण्यातल्या दोन शब्दांना, शेकडो वर्षांच्या आणि हजारो मैलांच्या अंतराने, एकाच खड्यावर जागा मिळाली.

इथे राहिलेल्या पार्श्व शब्दाचं पुढे काय झालं तेही बघण्याजोगं आहे. प्राकृतात तो पास झाला, आणि त्यातून मराठीची पाशी आणि पासून ही रोजची शब्दयोगी अव्ययं आली. आईपाशी, गावापासून, आसपास: सगळीकडे तीच कूस आहे. फासळी हा शब्दही याच बरगडीचा. तेव्हा ‘माझ्यापाशी पैलूदार हिरा आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्या एका वाक्यात एकाच मुळाचे दोन शब्द नांदतात. एक इथल्या मातीत झिजून तयार झाला, दुसरा इराण हिंडून फारसीच्या वाटेने घरी परतला. पैलवान आणि पैलतीर मात्र या कुळातले नव्हेत. पैलवान हा पार्थव, म्हणजे पार्थियन लोकांच्या नावावरून निघालेला, आणि पैल आहे पलीकडल्या बाजूचा.

पैलू करतात काय, हे कळल्याशिवाय हिरा कळत नाही. उजेड वरच्या सपाट भागातून आत जातो, खालच्या पैलूंवर आपटतो आणि परत वर येतो. खालच्या पैलूंचा कोन चुकला तर तो तळातून किंवा कडेतून निसटतो आणि खडा मधोमध मेल्यासारखा दिसतो. बाह्यरेषा कितीही देखणी असली तरी तेज ठरतं ते या कोनांवर. युरोपात सुरुवातीला खाणीतल्या स्फटिकाची टोकं आणि बाजू नुसत्या उजळून घेत. मग वरचं टोक घासून सपाट टेबल काढू लागले. हिरा हिऱ्यानेच कापतो, म्हणून हिऱ्याची पूड आणि तेल लावलेल्या फिरत्या चाकावर हे काम चाले. पुढे रोझ कट आला, तळ सपाट आणि वर पाकळ्यांसारखे पैलू. त्यानंतर सतराव्या शतकात ब्रिलियंट. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की या तरुण अभियंत्याने ‘डायमंड डिझाइन’ या पुस्तकात गोल ब्रिलियंटच्या कोनांचं गणित मांडलं. आजच्या गोल हिऱ्याचे ५७ किंवा तळाच्या बिंदूसकट ५८ पैलू त्याच परंपरेतले.

ब्रिलियंट हे नाव ऐकून कुणाला वाटणार नाही, पण त्याची वाटही बहुधा आपल्याकडूनच निघते. फ्रेंच ब्रियां आला इटालियन ब्रिलारे, म्हणजे चमकणे, या क्रियापदावरून. आणि ते आलं बेरिल या रत्नाच्या नावावरून असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. बेरिल म्हणजे ग्रीक बेरिलॉस, आणि बेरिलॉस म्हणजे प्राकृतातलं वेरुलिय, संस्कृतातलं वैडूर्य. जर्मनीत जुन्या काळी चष्म्याची भिंगं या खड्याची करत, म्हणून चष्म्याला आजही ब्रिले म्हणतात. वेरूळच्या लेण्यांशी मात्र हा धागा जोडू नये, ते गाव वेगळ्या नावाचं. दक्षिण भारतातून जहाजाने रोमला गेलेल्या एका खड्याचं नाव युरोप फिरून, कटचं नाव होऊन, सराफाच्या काउंटरवर परत आलं आहे, इतकं पुरे.

बाकीच्या नावांत मला सगळ्यांत आवडतं मार्कीज. दंतकथा अशी की फ्रान्सच्या पंधराव्या लुईने मार्कीज द पोंपादूर हिच्या ओठांवरून हा घाट करवून घेतला. कथा राहू दे. मार्कीज ही मार्कीची स्त्री, आणि मार्की म्हणजे मुळात राज्याच्या सीमेवरचा मुलूख सांभाळणारा सरदार. फ्रेंच कारागीर या घाटाला आणखी एका नावाने ओळखतात, नावेत. छोटी नाव हा त्याचा मूळ अर्थ, आणि विणकराच्या मागावर इकडून तिकडे पळतो त्यालाही फ्रेंच हेच म्हणतात. आपल्या मागावर त्याचं नाव धोटा. पैठणीच्या किंवा इचलकरंजीच्या मागाजवळ वाढलेल्या कुणालाही मार्कीज हिरा दाखवा, तो धोटाच म्हणेल. दोन्हीकडे निमुळता, मध्ये पोटात रुंद. बोट लांबसडक दिसावं असं वाटणाऱ्या मुलीला हा घाट खुलतो, आणि त्याच वजनाच्या गोल हिऱ्यापेक्षा वरून तो मोठा दिसतो. लांबट घाटांत, म्हणजे ओव्हल, पेअर आणि मार्कीजमध्ये, मधोमध एक काळसर आडवा पट्टा दिसू शकतो. व्यापारी त्याला बो-टाय म्हणतात. खडा हलवून तो किती ठळक आहे ते बघावं. प्रमाणपत्रावर तो सापडत नाही.

एमराल्ड कट म्हणजे पाचूचा घाट. पाचू ठिसूळ, आतून भेगाळलेला. त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून ते आधीच छाटायचे आणि कडेने पायऱ्या-पायऱ्यांसारखे लांब पैलू पाडायचे ही रीत. ती हिऱ्यावर आली आणि नावही घेऊन आली. संस्कृतातला मरकत आणि ग्रीकांचा स्माराग्दोस हे एकमेकांचे नातेवाईक, आणि स्माराग्दोसचाच पुढे एमराल्ड झाला. या घाटात ब्रिलियंटसारखी लुकलुक नसते, रुंद पैलूंवर उजेडाचे मोठे पट्टे सरकतात. खड्याच्या पोटातला डाग त्यात लपत नाही. म्हणून एमराल्ड घ्यायचा तर शुद्धतेवर पैसे घालावेत, वजनावर नव्हे. आम्सटरडॅमच्या योसेफ अशर यांनी १९०२ साली त्याचाच चौकोनी भाऊ घडवला, अशर कट. पुढे १९०८ साली ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा फोडण्याचं काम त्यांच्याकडेच आलं.

कुशन हा शब्द लॅटिन कॉक्सा, म्हणजे नितंबाचं हाड, यावरून आला, बसायची उशी म्हणून. त्या कॉक्साचा संस्कृतातला भाऊ कक्ष, आणि कक्षाची मराठीत काख झाली. हिऱ्याचे शब्द चाळताना आधी बरगडी निघाली, मग कंबरेचं हाड, मग काख. बॅगेट म्हणजे छोटी काठी, पेअर आणि ओव्हल यांत सांगण्यासारखं काही नाही. हार्टला मात्र मराठी नाव तयार आहे. पत्त्यांत ज्या खुणेला इंग्रज हार्ट म्हणतात तिला आपण बदाम म्हणतो, वहीच्या कोपऱ्यात मुलं काढतात तोही बदामच. बदामी हिरा म्हणावं, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि प्रिन्सेस, तो चौकोनी घाट. राजकन्येशी त्याचा काही संबंध नाही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात रुजलेलं हे नाव. पण हिऱ्याच्या स्वभावाला सगळ्यांत जवळचा घाट तोच. खाणीतला अष्टफलक कंबरेत करवतीने कापला की चौकोनी तळाचे दोन पिरॅमिड हाती येतात, आणि प्रत्येकातून एक प्रिन्सेस फारसं वाया न घालवता निघतो. गोल घडवायचा तर कोपरे घासून टाकावे लागतात, बहुतेकदा अर्ध्याहून अधिक कच्चा हिरा धूळ होतो. गोल हिरा त्याच वजनाच्या चौकोनीपेक्षा महाग असतो त्याचं एक मोठं कारण हे आहे. मागणी हे दुसरं.

वजन वाचवायचं की तेज वाढवायचं, हा वाद फार जुना आहे आणि आपल्या इतिहासात त्याची एक ठसठशीत खूण आहे. नाशिकचा हिरा. कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीतला म्हणून सांगितला जाणारा हा खडा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात होता आणि पुढे दुसऱ्या बाजीरावाकडे आला. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला आणि गव्हर्नर-जनरल मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्जमार्फत लंडनला गेला. सुमारे ९० कॅरटचा, तिकोनी, पेअरच्या अंगाने जाणारा खडा. तिथल्या बाजाराने त्याच्या शुद्धतेची स्तुती केली आणि घाट मात्र वाईट ठरवला. आपल्या कारागिराने खड्याचा मूळ कल आणि वजन राखून त्याला पैलू पाडले होते. ते लंडनच्या नजरेत बसलं नाही. रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो शक्य तितकं वजन राखून पुन्हा घासला, तो सुमारे ७८ कॅरटवर आला. १८३७ साली तो मार्क्वेस ऑफ वेस्टमिन्स्टरने घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी त्याला एमराल्ड कट दिला. आता त्याचं वजन ४३.३८ कॅरट आहे.

त्र्यंबकेश्वरी असताना जेवढा होता, त्याच्या निम्माही तो उरला नाही. कोहिनूरचं असंच झालं. १८५२ साली लंडनमध्ये तो १८६ कॅरटवरून १०५.६ कॅरटचा लंबगोल ब्रिलियंट झाला. मला याची हळहळ वाटते, आणि ती लपवावी असं वाटत नाही. या खड्यांवरचे हिंदुस्थानी पैलू हा आपल्या कारागिरीचा पुरावा होता, तो धूळ होऊन चाकावरून उडाला. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकाच हिऱ्याला एका काळात तिकोन शोभला, दुसऱ्या काळात पायऱ्यांचा चौकोन. आज कुशन आणि ओव्हल चालतात, उद्या आणखी काही चालेल. पाचशे छायाचित्रं बघून ‘सध्या काय चाललंय’ हे शोधणाऱ्यांना माझं सांगणं आहे की त्या शोधाने घाट ठरवू नका.

तिसरा शब्द पाणी. मोत्याला पाणी असतं, डोळे पाणीदार असतात, माणसाचं पाणी जोखलं जातं. रत्नाच्या आतल्या निर्मळ तेजाला पाणी म्हणण्याची रीत फारसीतही आहे. तिथे पाण्याला आब म्हणतात, त्यावरूनच आबदार. आब-रू म्हणजे चेहऱ्याचं पाणी, तीच आपली अब्रू. गुल-आब म्हणजे गुलाबपाणी. त्याचा आपल्याकडे गुलाब झाला. इंग्रजीत ‘फर्स्ट वॉटर’चा हिरा म्हणायची पद्धत पडली तीही पूर्वेच्या व्यापाऱ्यांच्या बोलीतून. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेला फ्रेंच व्यापारी झां-बाप्तिस्त ताव्हेर्निये लिहितो की युरोपात कच्चा हिरा दिवसा पारखतात, पण इथले लोक रात्री पारखतात. भिंतीत फूटभर लांबीरुंदीचा कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि बोटांत धरलेला खडा त्या उजेडापुढे. आजच्या दुकानात डोक्यावर शेकडो पांढरे दिवे असतात आणि त्यांच्याखाली कुठलाही खडा चमकतो. हिरा खिडकीपाशी न्यावा, मग हाताच्या सावलीत धरावा. सावलीतही ज्याचं पाणी मरत नाही तो घ्यावा. ताव्हेर्नियेला दिसलेल्या कोनाड्यामागे हेच शहाणपण होतं.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारात हिरे पेटीत नसतात, पुडीत असतात. पांढरा कागद ठरावीक घड्या घालून मिटलेला, आत दुसरा पातळ कागद, वर शाईने वजन टिपलेलं. दलाल ती पुडी टेबलावर एका बोटाने उलगडतो, कागदाला मधोमध पन्हळ पाडून खडे एका रेषेत आणतो, एक चिमट्याने उचलतो आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावतो. पुडी आणि साखरपुडा यांतला पुडा, दोघांचं मूळ पुट, म्हणजे दुमड, द्रोण. साखरपुड्यात कागदाच्या शंकूतून साखर यायची; आता अंगठीतला खडाही कागदाच्या पुडीतूनच आलेला असतो. युरोपात लग्नाच्या बोलीवर हिऱ्याची अंगठी द्यायची गोष्ट निघाली की १४७७ साली मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला दिलेल्या अंगठीचा दाखला देतात. एंगेजमेंट या शब्दात गाज, म्हणजे तारण, आहे. अंगठी हे तारण. आपल्याकडचा जुना शब्द वाङ्निश्चय किंवा वाग्दान, तिथे दिला जायचा तो शब्द. अंगठी या विधीत अलीकडे आली, पण परकी म्हणून नाही. अंगठीचं नातं अंगठ्याशी, अंगुष्ठाशी, जरी ती घालतात अनामिकेत. मुदी हे अंगठीचं दुसरं नाव मुद्रेवरून आलेलं, आणि पंगतीतली भाताची मूदही तिचीच.

वजनाबद्दल थोडंच. कॅरट हा अरबी किरातमधून आलेला ग्रीक केरातिऑन, म्हणजे छोटं शिंग. कॅरोबच्या शेंगेला ते नाव, तिच्या बिया वजनाला वापरत. १९०७ साली ते ०.२ ग्रॅम असं बांधलं गेलं. आपल्या सोनाराच्या मापात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे एक कॅरट दीड-पावणेदोन गुंजांचा. लाल-काळ्या गुंजेच्या दोन बिया तळहातावर घ्या, एक कॅरट किती हलका असतो ते लगेच कळेल.

राहिला घाट. भांड्याचा घाट, दागिन्याचा घाट, घाटदार मान. घडण्याच्या कुळातला हा शब्द, आणि घडण, घडणावळ त्याच्याच घरचे. सुरतेच्या कारखान्यांत हिऱ्याच्या वरच्या भागाला मथाळुं आणि खालच्या भागाला तळियुं म्हणतात. मथाळुं म्हणजे आपला मथळा, मस्तकावरून आलेला. लाखो कारागीर रोज ज्या शब्दांनी काम करतात ते असे आपल्या कानाला ओळखीचे आहेत. शेप आणि कट या दोन इंग्रजी शब्दांची दुकानात सतत सरमिसळ होते: एमराल्ड कट म्हणताना शेप सांगायचा असतो, आणि ‘कट एक्सलंट आहे’ म्हणताना पैलूंची प्रमाणबद्धता. जीआयए या रत्नपरीक्षण संस्थेचं प्रमाणपत्र कटचा दर्जा गोल ब्रिलियंटलाच देत आलं आहे. म्हणजे ओव्हल, कुशन किंवा मार्कीज घेणाऱ्याला कागद अर्धीच मदत करतो, बाकीचं काम डोळ्यांचं. शेपला घाट आणि कटला पैलू म्हटलं तर ही सरमिसळ तिथेच सुटते. मग प्रश्न असे विचारता येतात: घाट चौकटीचा की धोट्याचा? पैलू कसे पडलेत, मध्ये काळा पट्टा आहे का? सावलीत पाणी कसं दिसतं? टोकांना पकड आहे का? सराफाच्या बिलावर घडणावळ हा शब्द अजूनही छापलेला असतो. त्याच्या वरच्या ओळीत ‘शेप’च्या जागी ‘घाट’ छापला गेला, तर तो वाचायला मला फार आवडेल.